टंचाईच्या साहेबांचा पुष्पगुच्छ

आमचं लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. जिल्हा आला, त्याच्या पाठोपाठ साहेब लोक आले, आणि साहेबांच्या पाठोपाठ पुष्पगुच्छ आला. त्याआधी आमच्याकडे मान करायचा म्हणजे हार. गळ्यात पडला, टाळ्या झाल्या, संपलं. पण साहेब गळ्यात घेईनात, इस्त्री मोडते म्हणे. त्यांच्या हातातच द्यावं लागे, आणि ते लगेच शिपायाच्या हातात देत. म्हणजे मान शेवटी शिपायाचाच व्हायचा. पण ते कुणी मनाला लावून घेत नव्हतं.

जिल्हा झाल्याची खबर पावसाला मात्र कुणी दिली नसावी. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. गंजगोलाईच्या बाजारातल्या फुलवाल्यांनी टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्यांच्यावर बसून ते विड्या ओढू लागले. आमच्या गल्लीतल्या महादेवाला वाळका बेल वाहायचो. देवानं कधी तक्रार केली नाही. साहेबांचं तसं चालणार नव्हतं.

त्या चैत्रात गल्लीच्या कीर्तन सप्ताहाचं आमंत्रण टंचाईच्या साहेबांना द्यायचं ठरलं. ठरवलं अध्यक्षांनी, म्हणजे गुरुबसप्पा आडत्यांनी, आमच्या अप्पांनी. मांडव त्यांचा, समया त्यांच्या, माइक त्यांचा, तेव्हा अध्यक्षही तेच. मी चिटणीस, कारण शाळामास्तराचं अक्षर बरं असतं. कीर्तन म्हटलं की मी तहानभूक विसरतो, पण चिटणीसाला अध्यक्ष विसरता येत नाही.

अप्पांना टंचाईचे साहेबच का हवे होते, ते गल्लीत दोघांनाच ठाऊक होतं: त्यांच्या बायकोला, पार्वतम्मांना, आणि मला. औशाच्या वाटेवर अप्पांचा मळा. मळ्यात विहीर. टंचाईत ज्या विहिरीला पाणी असेल ती सरकार ताब्यात घ्यायचं आणि तिच्यावर टँकर भरायचे. तशा विहिरींची यादी हेच साहेब करत होते आणि ती आठ दिवसांत पक्की व्हायची होती. अप्पांनी तलाठ्याला विहीर आटली म्हणून लिहून दिलं होतं. विहिरीच्या तोंडावर बोरीच्या काट्या रचल्या होत्या. शेजारच्या केवळाबाई एकदा घागर घेऊन मळ्यात गेल्या तेव्हा अप्पा म्हणाले होते, "खाली वटवाघळं हायत, बाई. पाणी कुठलं आणता?"

खाली दोन पुरुष पाणी होतं. मला कसं ठाऊक? रोज सकाळी त्यातली एक घागर अप्पांच्या बैलगाडीतून, गोणपाटाखाली झाकून, माझ्या परसदारी उतरत होती. त्या घागरीनं माझं तोंड बंद केलं होतं, आणि त्याच तोंडानं मी रोज संध्याकाळी देवळात अभंग म्हणत होतो.

तर सभामंडपात बैठक बसली. विषय एकच, साहेबांना काय द्यावं.

"नारळ द्या," मी म्हणालो.

"नारळ सगळेच देऊन राहिलेत, मास्तर. त्याच्या टेबलाखाली ढीग लागलाय म्हणं," अप्पा म्हणाले.

माधवराव वकील तेवढ्यासाठीच टपले होते. "मी परवाच दिला त्यांना गुच्छ. हैदराबादचा, कागदी फुलांचा. टेबलावर ठेवलाय त्यांनी. वाळत नाही, सुकत नाही. मी रोज समोर बसल्यासारखंच आहे."

अप्पांचा चेहरा पडला. यादी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर वकील रोज बसलाय आणि आपण नाही, हे त्यांना सोसेना.

"आपण खरी फुलं देऊ," ते म्हणाले. "जिती."

"कोणती?" वकिलांनी विचारलं. "झेंडू?"

"झेंडू ट्रॅक्टरला घालतात."

"मग गुलाब."

"गुलाब कॉलेजातली पोरं देऊन राहिलेत. साहेबाला काय वाटंल?"

"कण्हेर अजून जिवंत आहे, माझ्या कुंपणाला."

"विषारी झाड हाय ते, वकीलसाहेब. साहेबाची बायको शिकलेली हाय. कुठं वाचलं असलं तर?"

"पांढरी शेवंती मयताला. मग उरला निशिगंध."

"निशिगंध नवरदेवाला," अप्पा म्हणाले, आणि थोडं थांबून, "पण चालंल. साहेबबी तसाच बसतो."

"चालेल हो, पण आणणार कुठून? सबंध जिल्ह्यात एक पाकळी नाही."

"नांदेडकडल्या अर्धापूरहून मागवतो," अप्पा म्हणाले. "तिकडं केळी हायत. जिथं केळी, तिथं फुलं असतीलच की."

मी मान खाली घालून ठराव लिहिला. अर्धापूर किती जवळ आहे ते मला ठाऊक होतं. औशाच्या वाटेवर, बोरीच्या काट्यांच्या पलीकडे. ज्या मळ्यात प्यायला पाणी नव्हतं, त्यात निशिगंधाचे दोन वाफे आणि मोगऱ्याची एक ओळ होती.

कीर्तनाला नांदेडहून चंद्रप्रभाबाई यायच्या होत्या. बाईंचं कीर्तन मी आधी दोनदा ऐकलं होतं. आवाज असा, की वाळलेल्या बेलालाही पालवी फुटावी. दुपारी दोनला येणारी त्यांची एस.टी. सातला आली. बाई पाय धुवायलाही थांबल्या नाहीत. धुवायला पाणी काढून ठेवलं होतं तांब्याभर. तो त्यांनी पेटीवाल्याला प्यायला दिला आणि उभ्या राहिल्या.

साहेब आले, पुढच्या खुर्चीवर बसले. वयानं तरुण, डोळ्यांखाली काळं. दिवसभर गावोगाव फिरून आले असावेत. बुटांवर धुळीचा थर होता. अप्पांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसायचा तेवढा बाकी ठेवला.

पूर्वरंग झाला. आता कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा, भजन म्हणायचं, आणि मग आख्यान. ही आमची रीत. पार्वतम्मांनी बाईंना बुक्का लावला आणि हार घातला. हार सुताचा. फुलं कुठून आणायची दुष्काळात? बाईंनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

मग अप्पा उठले. शिवप्पा हमालानं आतून ताट आणलं, आणि ताटातून पुष्पगुच्छ निघाला.

निशिगंधाच्या हातभर दांड्या, हिरव्यागार. त्यांच्या गळ्याभोवती मोगऱ्याच्या कळ्यांचे तीन पेड. वर पाणी शिंपडलेलं, थेंब दिव्यात चमकत होते. बायकांच्या बाजूला कुणीतरी ते थेंब डोळ्यांनी मोजत असावं. माझ्या शेजारचा म्हातारा ओठांवरून जीभ फिरवताना मी पाहिला.

साहेबांनी गुच्छ शिपायाकडे दिला नाही. हातात धरला, वास घेतला. "कमाल आहे," ते म्हणाले. "महिन्याभरात हिरवं काही पाहिलं नव्हतं. कुठून आणलीत?"

अप्पांनी माइक हातात घेतला. वकिलांना ऐकू जावं म्हणून असेल. "अर्धापूरहून, साहेब. खास माणूस पाठवला व्हता. आजच्या दुपारच्या गाडीनं आली."

"दोनच्या?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

बाईंच्या मनात काही नव्हतं, हे मी देवळात बसून सांगतो. त्या चिपळ्या हातात धरून भजन सुरू व्हायची वाट पाहत होत्या.

"हाव, दोनच्या."

"अहो, त्या गाडीत मीच होते ना. अहमदपूरच्या अलीकडे स्प्रिंगचा पाटा तुटला. पाच तास आम्ही बाभळीखाली बसून. माझ्या वेणीतला गजरा नांदेडचा, सकाळचा. हा बघा." त्यांनी मान वळवली. गजरा चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. "आणि तुमच्या तर कळ्या आता उमलू लागल्यात. मोगरा दुपारी खुडला की दिवेलागणीला उमलतो. कुणाच्या हातची ही ठेवण? मला शिकायची आहे."

सगळ्यांनी गुच्छाकडे पाहिलं. खरंच, साहेबांच्या हातात एकेक कळी सैल होत होती. अप्पा तिच्याकडे असं पाहत होते, जणू ती साक्षीला उभी राहिली होती.

"दुसरी गाडी व्हती," अप्पा म्हणाले.

"दुसरी संध्याकाळी निघते," बाई म्हणाल्या, अगदी मदत करायच्या आवाजात. "ती उदगीरला जाते."

तेव्हा बायकांच्या बाजूनं केवळाबाई उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता. "अप्पा, फुलं ऱ्हाऊ द्या. ही आली कंच्या पाण्यावर, तेवढं सांगा."

अप्पांनी माइक खाली ठेवला. पण तो चालूच होता, म्हणून त्यांनी पार्वतम्मांच्या कानात जे म्हटलं ते सगळ्या मांडवानं ऐकलं: "मोगरा कशाला घातला त्यात?"

आणि पार्वतम्मांनी जे उत्तर दिलं, तेही ऐकलं. "तुमीच म्हणलात, ताजं दिसलं पाहिजे."

हसणारे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी दांड्यांची कापलेली टोकं बोटानं चाचपली, ती अजून ओलसर असावीत. माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, यांचा मळा कुठं आहे?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत ती गोणपाटाखालची घागर काठोकाठ भरलेली होती. खोटं बोलायची मला सवय झाली होती, महिनाभर न बोलता बोलतच होतो. पण समोर सुताचा हार घातलेल्या बाई उभ्या होत्या, आणि मागे महादेव.

"औशाच्या वाटेवर," मी म्हणालो. "विहिरीवर बोरीच्या काट्या आहेत. काट्या काढल्या की पाणी आहे. मीही महिनाभर तेच पितोय."

केवळाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की अप्पांची लाज माझ्या लाजेपुढे काहीच नाही असं वाटलं. बोलल्या एवढंच, "गोड असंल की."

साहेबांनी तलाठ्याचं नाव विचारून घेतलं आणि गुच्छ स्वतःजवळच ठेवला. मग बाईंना हात जोडले. "कीर्तन थांबवू नका. आख्यानासाठीच आलोय."

बाईंनी भगीरथाचं आख्यान लावलं. मी सांगतो, तसं कीर्तन पुन्हा ऐकलं नाही. पण गंगा खाली उतरताना ज्याच्या-त्याच्या माना अप्पांकडे वळत होत्या, आणि अप्पा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तलाठी कागद घेऊन मळ्यात हजर. आटली म्हणून लिहून घेणाराही तोच. बोरीच्या काट्या त्यानं स्वतःच्या हातांनी ओढल्या. इतक्या मनापासून काम करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. विहीर ताब्यात गेली. तिसऱ्या दिवसापासून टँकर लागले. जवळच्या वस्तीच्या आणि आमच्या गल्लीच्या लोकांनाही तिथं पाणी भरायला रोज तासभर मोकळीक मिळाली.

माझी घागर बंद झाली. मी रांगेत उभा राहू लागलो, सगळ्यांच्या मागे. पहिले दोन दिवस कुणी बोललं नाही. ते बरंच होतं.

अप्पा आठवडाभर घरातून निघाले नाहीत. मग एका सकाळी परीटघडीचं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून मळ्यात आले आणि विहिरीच्या काठावर यजमानासारखे उभे राहिले. "या, या. हळू भरा. पाणी आपलंच हाय." टँकरचा ड्रायव्हर परगावचा, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला त्यांनी सांगितलं, "साहेबाला मीच म्हणलं, न्या विहीर. लोकांचे हाल बघवंनात. भर मांडवात दिली."

ड्रायव्हर हात जोडू लागला. रांगेतली एक पोरगी फिसकन हसली आणि तोंड उघडणार, तोच केवळाबाईंनी तिचा दंड धरला.

"बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "घागर भरंस्तोवर मी कुणाचंबी ऐकंन."