गोटुलात ठरलेला तांदूळ

सावली गावच्या शाळेतून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत मी बायकोला, आशाबाईला, भाजी कशी चिरावी ते शिकवायला लागलो. तिनं हात जोडले. "जा बापा, पोरायलेच शिकवा!" सरकार निवृत्त मास्तरांना मानधनावर घेत होतं. मला भामरागडच्या पुढचं माडिया आदिवासींचं एक गाव मिळालं. तिथं दोन वर्षं शाळेला मास्तर नव्हता.

वर्षभर छान चाललं. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा कागद आला. त्यात एक रकाना होता: पुन्हा सरकारी कामावर आहात काय? मी लगेच अर्थ लावून टाकला. म्हणजे पगार घेतला तर पेन्शन बंद! आशाबाईची हृदयाची औषधं त्याच पेन्शनवर चालतात. मी रागारागानं सामान बांधलं आणि गावचे भूमिया, म्हणजे गावप्रमुख, लालसू यांना सांगून टाकलं, "लालसूभाऊ, सरकार दोन्ही देत नाही. मी चाललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसलं. मला वाटलं, बसले असतील आपल्या सणावाराचं ठरवायला. दुपारी गावातली बुधरीबाई नव्या तांदळाची टोपली घेऊन दारात उभी. मागं आणखी बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली.

"गावानं ठरवलं," त्यांच्यासोबत आलेले लालसू म्हणाले. "तुमी पगार सोडा, पेन्शन ठेवा. खावाले आमी देतो."

"असं नसते भाऊ! सरकारी काम आहे हे!" मी त्यांच्यावरच खेकसलो. आत जाऊन मात्र डोळे पुसले.

चंद्रपूरच्या पेन्शन कचेरीत गेलो. खिडकीवरच्या रीताबाईंनी कागद पाहिला नि त्या हसल्या. "काऊन घाबरून राह्यले गुरुजी? हे मानधन हाय. रकान्यात खरं ते लिहा, पेन्शन चालूच राह्यते."

अडतीस वर्षं पोरांचे कान पिळले, आधी प्रश्न नीट समजून घ्या म्हणून. स्वतः मात्र कोणाला न विचारता सामान बांधून मोकळा झालो होतो. एवढा गाढव विद्यार्थी मला कधी भेटला नव्हता.

परतल्यावर लालसूंना सगळं सांगितलं. "आता दोन्ही मिळतात. तांदूळ परत न्या. तुमच्या लेकराबाळांच्या तोंडचा आहे तो."

"परत नाई होत. गोटुलात ठरला."

"अहो, पण मला आता गरज नाही!"

"गरज होती म्हून थोडी देल्ला गुरुजी? तुमी राहावं म्हून देल्ला." मग त्यांनी हळूच विचारलं, "राह्यता ना?"

"राहतो," म्हणालो. बांधलेलं सामान सोडायला घेतलं.

सरकारचे उपकार आहेतच, पेन्शनचेही आणि मानधनाचेही. पण या गावाचे कसे फेडू? सावलीत मला निरोप द्यायला सभा भरली होती. हार, नारळ, भाषणं, सगळं झालं. मला ठेवून घ्यायला सभा भरली ती आयुष्यात ही एकच.