नावेतली सुईण

चौतीसवर केरबाची मोजणी पुन्हा चुकली. सकाळपासून तिसऱ्यांदा. त्याने साच्यावरची तांब्याची तार उलटी सोडायला घेतली, तसे समोर स्टुलावर बसलेले शिरोळचे जयसिंग चुळबुळ करायला लागले. त्यांच्या विहिरीवरची मोटार जळली होती, रात्री दहाला शेतीची लाइट येणार होती आणि ऊस पाण्यावाचून उभा होता. एका कॉइलला अठ्ठेचाळीस वेढे. एक कमी नाही, एक जास्त नाही. तीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या माणसाला हे वेढे झोपेतही मोजता यावेत. पण आज आकडा तिशीपार गेला की केरबाची नजर तारेवरून सुटायची आणि फळीवरच्या पुस्तकावर जाऊन बसायची. मग कुठले वेढे आणि कुठलं काय.

त्या पुस्तकाची एकसष्ट पानं राहिली होती. एकतीस डिसेंबर, दुपारचा एक वाजलेला, आणि सहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन पेठांसमोर उभं राहून केरबाला सांगायचं होतं, की तीस पुस्तकं झाली.

सांगायचं कसलं, पेठेनं सांगूनही टाकलं होतं. चौकातल्या खांबाला कालपासून दहा फुटी फ्लेक्स लटकत होता. ‘वाचनवीर केरबाअण्णा चौगुले यांनी वर्षात ३० पुस्तके वाचून पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त वरची पेठ.’ खाली तालमीच्या सव्वीस पोरांचे फोटो, गॉगलसकट. कोल्हापुरात निकाल लागायच्या आधी फ्लेक्स लागतो, तिथं पुस्तक संपायची वाट कोण बघत बसतो. केरबाचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. पोरांनी लेकीच्या, अक्षताच्या, साखरपुड्यातला घेतला आणि फोटोत शेजारी उभी असलेली बाळाबाई, म्हणजे केरबाची बायको, कापून टाकली. तरी तिच्या साडीचा हिरवा काठ त्याच्या खांद्यापाशी बोटभर राहिलाच होता.

“पावणं, भाईर फोटो तुमचाच न्हवं?” जयसिंगांनी विचारलं.

“व्हय.”

“मग माझ्या मोटारीचं तेवढं बघा की. पुस्तक काय पळून जातंय?”

केरबानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

ही सगळी भानगड बरोब्बर वर्षापूर्वीची. वरची पेठ आणि खालची पेठ यांचं फुटबॉलवरून जमत नाही, गणपतीच्या मिरवणुकीवरून जमत नाही, रश्श्यात कुणाचं तिखट जास्त यावरूनही जमत नाही. पुस्तकांवरून तेवढं वाजायचं राहिलं होतं, तेही झालं. दोन पेठांच्या मधोमध एक जुनं वाचनालय आहे. तिथं नव्यानं आलेल्या ग्रंथपाल अनुजाबाईंनी दारात फळा लावला. नव्या वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा वहीत लिहायचा, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर यायचं. शेवटच्या पुस्तकातला एक प्रश्न त्या विचारणार. खालच्या पेठेतले निवृत्त शिक्षक धैर्यशील सर सहज आत गेले आणि तीस लिहून आले. झालं. आमच्या पेठेत ती बातमी आव्हान म्हणूनच पोचली. ही कुस्ती नाही हो, ज्याचा आकडा त्याचा, असं अनुजाबाई घसा कोरडा करून सांगत राहिल्या. ऐकतंय कोण.

त्या रात्री तालमीत रश्श्याचं जेवण होतं. तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यांनी वाढता वाढता विचारलं, वरच्या पेठेतनं कोण उभं राहतंय? भल्याभल्यांनी ताटात मान घातली. बंद पडलेला दिवा दुरुस्त करायला केरबा शिडीवर चढला होता. तो वरूनच म्हणाला, माझं लिवा तीस. पोरं एवढी हसली की शिडी हलली.

आता सहावी शिकलेल्या माणसाला ही अवदसा का आठवली, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं.

वाचणारी होती ती बाळाबाई. दुपारची भांडी आवरली की ती दुकानात येऊन त्याच स्टुलावर बसायची आणि केरबा तार गुंडाळत असताना मोठ्यानं वाचायची. त्याचे हात तारेवर, कान तिच्याकडे, आणि तरी वेढा म्हणून कधी चुकला नाही. केरबाच्या मोटारी गोष्टी ऐकून फिरतात, अशी शेजारी चेष्टा करायचे. शेवटी जे पुस्तक लागलं होतं ते एका सुईणीचं. पुराचे दिवस, पलीकडच्या गावात एक बाई अडलेली, आणि ही सुईण तिन्हीसांजेला नावेत बसून निघालेली. नाव नदीच्या मध्यावर आली, वाऱ्यानं कंदील विझला, आणि तिथं बाळाबाईनं पानाचा कोपरा दुमडला.

“ऱ्हायल्यालं उद्या,” ती म्हणाली आणि कुकर लावायला उठून गेली.

पहाटे छातीत कळ आली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. तेरा महिने झाले, ती सुईण नावेतच बसून आहे.

दुकान एकदम मुकं झालं, म्हणून केरबा वाचायला लागला. एवढंच कारण. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. पहिल्या पुस्तकाला बावीस दिवस लागले आणि डोकं असं दुखलं की बाम लावून झोपला. दिवाळीपर्यंत मात्र आठवड्याला एक व्हायला लागलं. अनुजाबाई आधी बारकी बारकी पुस्तकं द्यायच्या, मग त्याचं तोच कपाटातून काढायला लागला. तालमीच्या ग्रुपवर पोरं रोज आकडा टाकायची, तिसातली चोवीस, तिसातली पंचवीस, जसा काही सामना चालला आहे.

आणि इथं केरबानं चूक केली. मोटार भरणाराच करेल अशी चूक. सुईणीचं पुस्तक त्याने मुद्दाम शेवटाला ठेवलं. दोनशे पानांतली एकशे एकोणचाळीस कानांवरून गेलेली, म्हणजे निम्म्याच्या वर मोटार भरलेलीच आहे, उरलेल्या तेवढ्या कॉइल टाकायच्या. अर्ध्याच्या वर काम झालंय, दोन दिवसांत उडवतो, असं त्याने अनुजाबाईंना ठणकावून सांगितलं. त्यांनी ते पुस्तक वर्षभर बाळाबाईच्याच कार्डावर पुढं पुढं चालवलं होतं, एका शब्दानं न विचारता. वीस तारखेला तो बसला. पहिल्यापासून वाचत एका दिवसात दुमडलेल्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथवर सगळं तिच्याच आवाजात ऐकू येत होतं. त्या पानावर तो थांबला तो थांबलाच. आज अकरावा दिवस.

दोन वाजता विजयसिंहांचा तिसरा फोन आला. झालं का, म्हणून. हुतंय, म्हणाला केरबा. मग विजयसिंहांनी आवाज खाली आणून समजावलं, की अण्णा, तीस म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं, प्रश्न काय एकच असतो, लेकीला विचारून ठेवा. खालच्या पेठेची पोरं ढोल घेऊन यायच्या बेतात आहेत, पेठेचं नाक आता तुमच्या हातात. केरबानं फोन उपडा ठेवला आणि परत तार हातात घेतली.

अडीचला अक्षता आली. बँकेतून अर्धी रजा काढून, जेवायलाही न थांबता. तिला सगळं ठाऊक होतं. काल रात्री बापाच्या उशाचं पुस्तक उचलून तिने राहिलेली पानं वाचून काढली होती आणि एका कागदावर बारीक अक्षरात गोष्ट उतरवून आणली होती.

“आबा, सगळं ह्यात लिहिलंय. दहा मिनिटांचं काम. ती सुईण ना...”

“सांगू नगंस.”

आवाज एवढा मोठा निघाला, की जयसिंग स्टुलावरून उठून उभे राहिले. अक्षताचे डोळे भरून आले, रागानं की कशानं ते तिलाही कळलं नसेल. तिने कागदाची घडी केली आणि बापाच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

“तुमच्यापाशी असू दे,” ती म्हणाली. “वाचा नायतर नका वाचू. पण आबा, चौकात एवढा मोठा फोटो लागलाय. लोक वर्षभर सोडायचे न्हाईत तुम्हांला.”

ती गेल्यावर केरबानं पुस्तक उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावून घेतला. मग मोठ्यानं मोजत शेवटच्या तिन्ही कॉइल भरल्या. शाळेतल्या पोरानं पाढे म्हणावेत तसं. चार वाजता मोटार बांधून लाइटवर लावली. आवाज सरळ आला. जयसिंगांनी ती टेम्पोत चढवली आणि जाता जाता फ्लेक्सकडे बघून हात जोडले. चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. हातात दोन तास होते. आता त्याचा वेग होता, ताणून बसला असता तर जमलंही असतं. पुस्तक काढलं, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला आणि पुढची ओळ त्याने मोठ्यानं वाचली.

“बाई, अंधाराला भिऊ नका, माझ्या आवाजाकडं ध्यान ठेवा, असं नावाडी म्हणाला.”

आवाज त्याचा स्वतःचा होता. घोगरा, अडखळणारा. ही ओळ बाळाबाईनं कधी वाचली नव्हती. आता पुढं जे काही होईल, ते त्याला कळेल आणि तिला कधीच कळणार नाही. एवढी एकच गोष्ट होती, जी दोघांचीही अर्धी राहिली होती. केरबा रडला नाही. दुसरी ओळ वाचायला तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मिटलं. शेवटी जुन्याच घडीवर त्याने कोपरा परत दुमडला आणि तोंड धुवायला उठला.

हॉल खच्चून भरला होता. खालच्या पेठेची पोरं ढोल घेऊन दारात, वरच्या पेठेची पोरं फटाक्यांची माळ घेऊन जिन्यात. धैर्यशील सरांना आधी बोलावलं. त्यांनी तीस म्हणून सांगितलं, प्रश्नाचं उत्तर जरा लांबवूनच दिलं, ढोल वाजला. मग अनुजाबाईंनी केरबाचं नाव घेतलं.

पहिल्या रांगेत विजयसिंह बसले होते. त्यांनी मांडीवरच्या मांडीवर तीन बोटं दाखवली. मागच्या भिंतीला टेकून अक्षता उभी होती. केरबा टेबलापाशी गेला, पुस्तक ठेवलं, आणि त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. घडी तिथंच होती. त्याने ती उघडली नव्हती.

“केरबाअण्णा, सोपाच प्रश्न आहे,” अनुजाबाई म्हणाल्या. “सुईण पोचली का पलीकडं?”

व्हय म्हटलं की सुटला असता. एकोणतीस पुस्तकं वाचलेल्या माणसाला एवढा अंदाज येतोच. नावेत बसवलेली सुईण कोण लिहिणारा बुडवतो? जिन्यातल्या पोरानं काडेपेटी काढल्याचा आवाजसुद्धा त्याला ऐकू आला. सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“ठावं न्हाय बाई,” केरबा म्हणाला. “आमच्यात ती अजून नावेतच हाय. एकोणतीस झाली माझी. तिसावं अर्धवट ऱ्हायलंय.”

दारातला ढोल एकदा घुमला, आणि धैर्यशील सरांनी बसल्या जागेवरून नुसता हात वर केला, तसा थांबला. विजयसिंह उठले. “अण्णा, फ्लेक्स लागलाय की ओ,” एवढंच म्हणाले. जणू फ्लेक्स खरा आणि पुस्तक खोटं. खुर्ची सरकवून ते बाहेर गेले आणि त्यांच्यामागून निम्मा हॉल गेला. अनुजाबाईंनी पुस्तक हातात घेतलं. पानं आपोआप त्या कोपऱ्यापाशी उघडली. मागच्या कार्डावरचं नाव त्यांनी बघितलं, वहीत एकोणतीस लिहिलं आणि नव्या वर्षाची कोरी वही त्याच्यापुढे सरकवली. केरबानं बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं, मग आपला आकडा लिहिला. पुस्तक त्यांनी त्याला परत दिलं. कार्ड तेच.

एक तारखेला सकाळी चौकात माणूसबिणूस नसताना केरबानं खांबाला शिडी लावली. खिशात दुकानातली काळी टेप. तीनावर आणि शून्यावर पट्ट्या मारून त्याचे दोन आणि नऊ करायचे, म्हणजे तसं किचकटच काम. शिडी हलायला लागली, आणि मग हलायची थांबली. खाली बघितलं तर विजयसिंह. दुधाची पिशवी कोपराला अडकवून दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. चेहरा फुगलेलाच.

केरबानं तीनाचा दोन करून घेतला.

“यंदा किती लिवलंय?” खालून प्रश्न आला.

“एक.”

“एकच?”

“एकच. तेवढं झालं तरी लई झालं.”

विजयसिंहांनी मान हलवली आणि शिडी जरा घट्ट धरली. केरबानं नवाची शेपटी दातानं टेप तोडून नीट केली. अंगठ्यानं ती दाबून बसवताना टेपचं टोक फोटोतल्या खांद्याकडे जायला लागलं, तेव्हा त्याने ते उचलून अलीकडच्या बाजूला दुमडलं. साडीचा हिरवा काठ त्याला मोकळा ठेवायचा होता.