सात गोधड्यांचा हॉल

"काका, ड्रमचा फटका अजून घुमतोय. अजून एक गोधडी टाका ना!" बँडमधलं कोणीतरी दर रविवारी श्रीपतला ओरडून सांगतं.

पोलादपूरहून निघालेली एसटी महाडला साडेतीनला लागते.

या गोदामात पूर्वी कोंबड्यांचं खाद्य असायचं. पावसाळ्यात भिंतींना अजून त्याचा वास सुटतो.

श्रीपतच्या घरी पोपटी रंगाचा चार लिटरचा डबा, अर्धा उरलेला.

एक गोधडी म्हणजे एक माणूस. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नाही. ते श्रीपतचं आहे.

तर श्रीपत. वय अठ्ठावन्न. उभी हयात जयंत्या, लग्नं आणि प्रचारसभांना कर्णे लावण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने मागचं गोदाम झाडून घेतलं, साठ खुर्च्या मांडल्या, आणि रविवारी तिथे रॉक बँड वाजू लागले. कधी गोव्याला निघालेले पुण्याचे, पण बहुतेकदा इथलेच, एमआयडीसीत नोकरी करणारे. आवाजाच्या मिक्सरवर श्रीपत. गाण्यांतले शब्द त्याला फारसे कळत नाहीत, पण कुठला ड्रम सैल पडलाय आणि कोणाचा गळा बसलाय ते दारातूनच कळतं.

पत्र्याचा हॉल रिकामा असला की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि सगळा चिखल होतो. माणसं भरली की त्यांची अंगं, त्यांचे कपडे तो जादा आवाज पिऊन टाकतात. पण साठ खुर्च्या कधी भरत नाहीत. म्हणून श्रीपतने घरच्या गोधड्या आणल्या आणि मोकळ्या खुर्च्यांवर पसरल्या. घरात आठ होत्या, सगळ्या बायकोने, मंजुळाने शिवलेल्या. मंजुळा दोन महिन्यांसाठी म्हणून नालासोपाऱ्याला गेली होती, मुलाचं पोर, अश्वजित, सांभाळायला. त्याला चार वर्षं झाली. एकट्या माणसाला एक गोधडी पुरते. उरलेल्या सात हॉलमध्ये.

आज मार्चचा शेवटचा रविवार. मंजुळा भाच्याच्या लग्नाला पोलादपूरला आली होती. सकाळी तिचा फोन आला, "गाडी बदलायला महाडला उतरणारच हाय. येते तुमचा हॉल बघायला."

तिने हा हॉल कधी पाहिला नव्हता. श्रीपतने मिक्सरशेजारची एक खुर्ची पुसली आणि तिच्यावर गोधडी टाकली नाही. आज तिला विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. काय विचारायचं ते चार वर्षं पाठ होतं.

पावणेचारला तो स्टेजवर ड्रमच्या मागे पालथा पडून माइकची वायर चिकटवत होता. पाचच्या कार्यक्रमासाठी 'घाटबंद' बँडच्या आवाजाची तपासणी चालली होती. ड्रमवाला एकसारखा फटका मारत होता. ठप. ठप. ठप. आवाज जागच्या जागी मरत होता, मरायला हवा तसा.

मग ठपच्या मागे घुमण्याचं बारीक शेपूट आलं.

श्रीपतचा हात थांबला. पुढच्या फटक्याला शेपूट वाढलं. मग आणखी. जणू कोणी हॉलमधून माणसं एकेक करून उठवत होतं.

वर बघायची गरज नव्हती. त्या गोधड्या उचलून, झटकून घड्या घालणारं जगात एकच माणूस होतं. श्रीपत तसाच पडून राहिला. वायर चिकटून झाली होती तरी पडून राहिला, आणि सातही उचलल्या जाईपर्यंत मोजत राहिला.

"काका, हॉल घुमायला लागला!" गिटारवाला ओंकार ओरडला.

"लागू दे," श्रीपत उठत म्हणाला.

मंजुळा पदर खोचून उभी होती. "अवो, लाज हाय का काय? माझ्या आईच्या लुगड्याची गोधडी ही, आन् तिच्यावर लोकं बसवता?"

"लोकं नाय बसत गो. लोकं येतच नायत, म्हणून तर टाकल्या."

"धूळ बघा किती!"

"चहा घेतेस?"

"घेतला स्टँडवर. पावणेपाचची गाडी हाय. उद्या अश्वजितची परीक्षा."

"कितवीत तो?"

"पहिलीत."

"पहिलीला कसली परीक्षा?"

"तुमाला काय ठाव." ती पुसलेल्या खुर्चीवर बसली. "सगळी वाजवतात. तुमी काय करता इथं?"

श्रीपतने जरा विचार केला. "ही चौघं एकमेकांच्या अंगावर पडतात. मी पडू देत नाय."

"हां," मंजुळा म्हणाली. तिला ते पटलेलं दिसलं.

ओंकारने तेवढ्यात एक गाणं सुरू केलं. उघडा हॉल दणाणला. श्रीपतने मिक्सरवर ड्रमचा आवाज उतरवला, गिटारचा उतरवला, गाणाऱ्या मुलीचा आवाज तेवढा पुढे ठेवला. गोधड्यांवाचून त्याने हॉल इतका कधी आवरला नव्हता. मंजुळा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. एकदा तिची मान हलली.

गाणं संपलं. विचारायची वेळ हीच होती.

"मोरीतला नळ दुरुस्त केला," श्रीपत म्हणाला.

"बरं केलंत."

"मागच्या खोलीला रंग दिला. तुला आवडतो तो, पोपटी."

"मला कुठं पोपटी आवडतो? तो तुमच्या बहिणीला आवडायचा." मंजुळा हसली, आणि हसता हसता घड्याळाकडे बघून उठली. हिरव्या काठाची लहान गोधडी तिने पिशवीत कोंबली. "ही अश्वजितला नेते. बाकीच्या धुऊन घ्या, आन् अशा उघड्यावर टाकू नका."

बाकीच्या सहांचा तिने पक्का गठ्ठा बांधला होता. सुतळी मिळाली नाही म्हणून श्रीपतच्याच वीस फुटी माइकच्या वायरीने. गठ्ठा तिने आपल्या खुर्चीवर ठेवला.

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

दारातून ऊन आत आलं, आणि दार लागलं.

ओंकार धावत आला. "काका, पसरायच्या ना परत? आणि ती वायर लागेल आपल्याला."

"दुसरी घे रे."

कार्यक्रमाला एकोणीस माणसं आली. श्रीपतने सगळं हळू ठेवलं, बँडला नवल वाटेल इतकं हळू, आणि शब्द न् शब्द ऐकू आला. तिसऱ्या गाण्याला उशिरा आलेला एक जण मिक्सरजवळ येऊन वाकला.

"हा गठ्ठा खाली ठेवू का? कोणी बसलंय इथं?"

"हाय," श्रीपत म्हणाला. "माणूस हाय."

महाडच्या रेशनकार्डावरून मंजुळाचं नाव, मुलाच्या नालासोपाऱ्याच्या कार्डावर चढवायचं म्हणून, फेब्रुवारीतच कमी झालं होतं. तिचा अर्ज तहसील कचेरीत श्रीपतने स्वतः नेऊन दिला होता.