साडेचार लिटर

“अहो, ती ऑइलची पट्टी काढून बघायची असती न्हवं?” कुसुमताईंनी ओट्यावरून विचारलं.

“शिकाऊ माणसाला लागती पट्टी,” हिंदुराव म्हणाले आणि पाच लिटरच्या डब्यातलं ऑइल इंजिनात ओतत राहिले. डब्याच्या कडेला लिटरच्या रेघा होत्या. तळाशी अर्धा लिटर उरलं तसा त्यांनी डबा सरळ केला. साडेचार. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

शेजारचे दादासाहेब खुर्ची टाकून बसले होते. चहा झाला होता, पण ते उठत नव्हते. कुरुळीत रविवारी सकाळी बघायला दुसरं होतं तरी काय!

गाडी मुलाची, गणराजची होती. त्यानं तीन महिन्यांपूर्वी तळवड्यात गॅरेज काढलं आणि पुढच्याच महिन्यात हिंदुराव कंपनीतून निवृत्त झाले. निवृत्त झाले तरी पहाटे साडेपाचला उठायचे, दाढी करायचे, बूट घालायचे आणि बूट घालून ओट्यावर बसायचे. शिफ्टची बस समोरून निघून जायची. असे दोन महिने काढल्यावर ते मुलाला म्हणाले, “मला तुज्या गॅरेजात घे. फुकट करतो. पण मला कुठंतरी जाऊ दे.”

गणराज म्हणाला, “आधी माझ्या गाडीचं ऑइल घरी बदलून दाखवा. जमलं तर सोमवारपास्नं या.”

हिंदुराव हसले. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायला निघालाय, असं त्यांना वाटलं. ज्या वर्षी घरची जमीन कंपनीत गेली, त्याच वर्षी हिंदुरावही कंपनीत गेले होते. घरटी एक नोकरी, असा तो सौदा होता. त्यांना ऑइल भरायचं काम मिळालं आणि सव्वीस वर्षं तेच राहिलं. नवंकोरं इंजिन समोर यायचं, हे त्याच्या तोंडात नळी घालायचे, बटण दाबायचे. यंत्र मोजून साडेचार लिटर सोडायचं आणि आपलं आपण थांबायचं. हिरवा दिवा लागला की पुढचं इंजिन. ऑइलची पातळी बघायची पट्टी पुढच्या माणसाकडे बसवली जायची. “लाखो इंजिनं पाजली,” असं हिंदुराव गावात सांगत. ती यंत्रानं पाजली होती, हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही.

जुनं ऑइल काढायचं काम मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं. ते त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून, न्हाणीची कडी लावून, चारदा बघून घेतलं. इंजिन थोडं गरम करायचं, खालचा बोल्ट सोडायचा, नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावून तो हातानंच आवळायचा. ऑइल भरायचा भाग आला की ते व्हिडिओ बंद करत. ते तर आपलंच काम!

भरून झाल्यावर त्यांनी पाच मिनिटं गाडी चालू ठेवली, बंद केली आणि बूट पुसले.

अर्ध्या तासानं गणराज आला. मागे गॅरेजची हेडमिस्त्री अंजली होती. लातूरकडची, तिशीची, दोन पोरांची आई.

“बघ गं,” गणराज म्हणाला.

“गाडी बंद करून किती वेळ झाला, काका?”

“अर्धा तास.”

“बरोबर केलंत.”

हिंदुरावांनी दादासाहेबांकडे बघितलं. अंजलीनं पट्टी काढली, पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली, काढली. मग फडक्यानं पुसून आणखी एकदा.

“काका, किती टाकलं?”

“साडेचार. जेवढं जातं तेवढं.”

“ते तुमच्या कंपनीच्या इंजिनात, काका. ते मोठं असतंय. ह्याला तीनच लागतं. ह्या बघा दोन खुना. ऑइल ह्यांच्या मधी पाहिजे, आन् हे बघा कुठवर गेलंय. अशी गाडी पळवली तर ऑइलचा फेस होतो, सील फुटतात.” ती पोराला समजवावं तशी हळू बोलत होती. ती हसली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

हसले ते दादासाहेब. “हिंदुराव, सव्वीस वर्सं मग तिथं केलं तरी काय?”

खरं म्हणजे हाच प्रश्न हिंदुरावांनाही पडला होता, आणि त्याची त्यांना अतोनात लाज वाटत होती.

गणराज ओट्यापाशी जाऊन आईला म्हणाला, “तीनचा डबा व्हता गॅरेजात. मीच मुद्दाम पाचचा आणून ठेवला.” आवाज खालचा होता, पण हिंदुरावांना ऐकू गेला.

“आरं, बाप हाय तो तुजा.”

“म्हणून तर घरी करायला लावलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत केलं असतं मग?” तो वळला. “अण्णा, सोमवारचं राहू द्या. तुमी आता आराम करा.”

“बरं,” हिंदुराव म्हणाले.

अंजली घमेलं घेऊन गाडीखाली शिरली. बोल्ट सैल करून थोडं ऑइल काढायचं, पुन्हा आवळायचं, जरा थांबून पातळी बघायची, असं करावं लागणार होतं. “काका, वरून पट्टी बघता का?” तिनं खालून विचारलं. त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणूनच तिनं विचारलं, हे त्यांनाही कळलं. तरी ते उठले.

पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा ऑइल खूप वर होतं. दुसऱ्यांदा थोडं वर. त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक वेळी पट्टी पुसली, शेवटपर्यंत आत घातली, आडवी धरून बघितली. तिसऱ्यांदा ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खाली येऊन थांबलं होतं. त्यांनी खात्रीसाठी आणखी एकदा बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ऑइल मोजलं होतं, आणि ते बरोबर होतं.

“आलं,” ते म्हणाले. “बरोब्बर आलं.”

अंजली बाहेर आली. हात पुसत बॉनेटजवळ येऊन उभी राहिली. गणराजही आला.

तिनं मागायच्या आत हिंदुरावांनी पट्टी स्वच्छ पुसली, तिच्या हातात दिली आणि तिला नीट दिसावं म्हणून उजेडातून बाजूला झाले.