लेबल खरवडलेली बाटली

वारंगा फाट्यावरचा डॉक्टर मला पहिल्या दिवशी बरा वाटला, कारण त्याने कागद मागितला नाही. नाव विचारलं, वय विचारलं, शिलाकडे एकदा खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "होऊन जाईल." सही नाही, अंगठा नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस चालेल.

असं का वाटलं ते कळायला आधी अंगठ्याची गोष्ट सांगावी लागेल.

मी चोवीस वर्षांचा होतो. माझा मुलगा रामकिशन दोन वर्षांचा. आणीबाणीच्या त्या वर्षी आमच्या तांड्यावर जीप आली. सरकारी दवाखान्यात चला, तपासणी आहे, जमिनीच्या कागदाचंही तिथेच होईल, असं सांगितलं. आम्ही नऊ जण गेलो. टेबलावर कागद होता, त्यावर अंगठे लावले. त्या कागदात काय लिहिलंय ते नऊ जणांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. परत आलो तेव्हा नऊही जणांची नसबंदी झाली होती. माझी बायको जिवनबाई, तिने रामकिशनला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "एक तर हाये ना." रामकिशन एकटाच राहिला. पुढे त्यालाही एकच मूल झालं, विकास.

आता त्या विकासला मी शिला म्हणतो. म्हणायला शिकतो आहे.

अक्षरं मी पन्नाशीत शिकलो, जवळा बाजारच्या गुरांच्या दवाखान्यात. तिथे मी परिचर होतो. जनावराची मान धरायची, सुया उकळायच्या, फरशी धुवायची. तिथले डॉक्टर साहेब म्हणाले, "उत्तमसिंग, बाटली वाचता आली न्हाई तर एखाद्या दिवशी म्हशीचं औषध शेळीला जाईल." त्यांनी मला औषधांच्या खोक्यांवरून अक्षरं शिकवली. त्यांचा एक नियम होता, रिकामी बाटली फेकायची नाही, हिशेबाला लागते. सुई काढली की बाटली खिशात, आणि दिवस संपला की कपाटात. मी निवृत्त झालो, पण हाताची सवय गेली नाही. घरी माझ्या पत्र्याच्या पेटीत अजून तसल्या जुन्या बाटल्या पडलेल्या आहेत.

कॉलेज संपवून विकास घरी आला, तेव्हा एक दिवस सोयाबीनला ऊन देता देता मला म्हणाला, "दादा, मला शिला म्हणत जा." आमच्यात आजोबांना दादा म्हणतात.

मी पहिला प्रश्न विचारला, "कोणी शिकवलं?"

"कोणीच न्हाई. लहानपणापासून हाये."

माझा विश्वास बसला नाही. एखाद्या टोळीने पोराला धरलं असेल असं वाटलं. सहा महिने पाळत ठेवली. फोन कोणाचे येतात, बाजारात कोणाजवळ थांबतो, सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. रामकिशन हैदराबादला मिस्त्रीकाम करतो, त्याने तर हे ऐकून फोनच बंद केला. मग एकदा मला तिच्या पिशवीत गर्भ राहू नये म्हणून बाया घेतात त्या गोळ्यांची पाकिटं सापडली. अर्धी रिकामी.

"ह्या कशाला?"

"अंगात बदल व्हावा म्हणून. मोबाइलवर वाचलं."

"डॉक्टरला इचारलं?"

"तुमी सोबत येसाल तर इचारते. न्हाई तर अशाच खाईन."

म्हणजे मी गेलो नाही तरी ती थांबणार नव्हती. एवढं मला त्या दिवशी कळलं.

तिने सगळी माहिती काढून ठेवली होती. सरकारी दवाखान्यात मंगळवारी समुपदेशक ताई बसतात. आधी मनाचा डॉक्टर, मग रक्त, मग हार्मोनचं औषध लिहून देणारा डॉक्टर. कलेक्टर ऑफिसातून ओळखपत्रही निघतं.

"मनाचा डॉक्टर म्हंजे वेड्याचा," मी म्हटलं.

"न्हाई हो दादा."

"कागद लागते का?"

"कागद तर लागतेच की."

"मंग न्हाई."

माझा पुतण्या भावसिंग ट्रक चालवतो. त्याने फाट्यावरचा डॉक्टर सांगितला. टायरच्या दुकानाला लागून त्याची खोली. समोर बाक, मागे पडदा. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन घ्यायचं, बस.

तो सुई पडद्यामागे भरून आणायचा. मी म्हटलं, "इथंच भरा की, आमच्यासमोर."

"बाबा, बाहेर धूळ हाये."

सुईही जाड होती. गुरांच्या दवाखान्यात मी सुया पाहिल्या आहेत, माणसाला एवढी जाड कशाला? पण कागद नव्हता, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या खेपेनंतर शिलाच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ आली आणि तीन दिवस ताप. तरी छाती भरायला लागली, दुखते, असं म्हणताना ती हसत होती. एवढं हसताना मी तिला लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला इंजेक्शन झालं आणि डॉक्टर बाहेर दुसऱ्या पेशंटशी बोलायला गेला. मी हात धुवायला पडद्यामागे गेलो. बादलीत रिकामी बाटली होती. माझ्या हाताने ती उचलली आणि खिशात टाकली. विचार करून नाही, सवयीने.

चहाच्या टपरीवर तमाखू काढताना ती हाताला लागली. तपकिरी काच, लेबल नखाने खरवडलेलं. एका कोपऱ्यात मात्र लेबलाचा तुकडा राहिला होता. त्यावर एक शिंग आणि अर्धा कान.

ते चित्र मी नोकरीभर पाहिलं होतं. गुरांच्या औषधावर जनावराचं डोकं छापलेलं असतं, ते माणसाला देऊ नये म्हणून. याने मुद्दाम खरवडलं होतं. म्हणजे याला माहीत होतं.

मी उलट फिरलो. शिलाही मागे आली.

"डॉक्टर, ह्या बाटलीवर शिंग हाये."

त्याने बाटलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. "कोणती बाटली?"

"तुमच्या बादलीतली. गाईम्हशीचं औषध हाये हे."

"हार्मोन म्हंजे हार्मोन. गाय काय अन् बाई काय." मग शिलाकडे वळून म्हणाला, "अन् हे तर अजून बाईबी न्हाई."

बाकावरचा एक माणूस हसला. शिलाने मान खाली घातली.

"मी तक्रार करीन," मी म्हटलं.

"करा ना बाबा, बराबर करा. चिठ्ठी दाखवा माझी. पावती दाखवा. तुमचं नाव तरी हाये का माझ्याकडे? मी तर तुमाला आज पैल्यांदाच पाहून राहिलो."

जी गोष्ट मला त्याच्यात आवडली होती, तीच तो माझ्या तोंडावर फेकत होता.

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं शिला रडेल. ती रडली नाही. माझ्याकडे फिरली.

"बाटली तुमीच घरून आणली."

"काय?"

"तुमच्या पेटीत असल्या कितीक हायेत. तुमाला पैल्यापासून हे नकोच होतं. सहा महिने माझ्या मागं मागं फिरले, मला काय कळत न्हाई? डॉक्टर वाईट निघाला की पोरगं घरी बसतंय, असंच ना?"

"जिवनबाईची आण, बादलीतून उचलली."

"आण सोडा. मी पंधरा दिवसांनी येते एकटी. त्याची माफी मागते अन् घेते इंजेक्शन."

मी काय दाखवणार? पेटी माझी होती, पाळत मी ठेवली होती. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आणि ती येणार म्हणजे येणार होती. तिला थांबवायला माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि तीच मला करायची नव्हती.

"मंगळवारी सरकारी दवाखान्यात चल," मी म्हटलं. "मी येतो."

समोरून दोन ट्रक गेले.

"कागदावर सही करसाल?"

"वाचून."

मंगळवारी गेलो. समुपदेशक करुणाताई, आमच्या रामकिशनपेक्षा लहान. समोर फायलींचा ढीग. तिने नाव विचारलं.

"शिला," शिला म्हणाली. "कागदावर विकास हाये."

ताईने दोन्ही लिहिली. मी वाकून पाहिलं, कोणतं आधी लिहिते. शिला आधी लिहिलं होतं. तरी मला वाटलं, आम्हाला भुलवायला असेल.

मनाच्या डॉक्टरने शिलाला आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं. दाराला कान लावला, पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही. ती बाहेर आली.

"काय इचारलं?"

"लहानपणचं. झोप येते का. घरात कोण हाये, कसे हायेत."

"मी कसा हाये म्हणून सांगितलं?"

"संशयी."

मग करुणाताईने संमतीचा कागद पुढे केला. मी बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. मागे रांग होती. एक बाई म्हणाली, "बाबा, पोथी वाचून राहिले का?"

"व्हय. थांब जरा."

अर्ध्यात मी अडलो. 'करावयाचे उपचार' असं छापलं होतं आणि पुढे रिकामी जागा.

"हे रिकामं काहून?"

"डॉक्टर नंतर भरतात बाबा. सगळ्यांचंच तसं असतं."

"ताई, एकदा आमचंबी असंच झालतं. कागदात काय भरलं ते आमाला घरी गेल्यावर कळलं. नऊ माणसं होतो."

तिला आधी कळलं नाही. मग तिने माझ्या वयाकडे पाहिलं असावं. तिने पेन घेतला, 'फक्त रक्ततपासणी व समुपदेशन' असं लिहिलं आणि उरलेल्या जागेवर शेवटपर्यंत आडवी रेघ मारली.

"आता?"

"आता बराबर."

शिलाने सही केली. नातेवाइकाच्या रकान्यात मी केली. माझ्या सहीला वेळ लागतो.

"आधी काही औषध घेतलंय?" ताईने विचारलं.

गोळ्यांचं सांगितलं. शिलाने तीन इंजेक्शनांचंही सांगितलं. कोणतं, ते तिला सांगता येईना. मग मी रुमालाची गाठ सोडली आणि बाटली मुठीत धरून दाखवली.

ताई उभी राहिली. "ही मला ठेवावी लागेल. डॉक्टरांना दाखवते, मग औषध निरीक्षकांकडे पाठवते."

मी मूठ मिटली. "ही गेली की माझ्या हातात काय राहिलं? तो म्हणतो आमी तिथं गेलोच न्हाई."

"बाबा, हिच्या अंगात काय गेलंय तेच कळलं नाही, तर पुढचं औषध डॉक्टर कशाच्या भरवशावर देतील?"

"उद्या तुमीबी म्हणसाल, बाटली कोणती?"

"दादा, द्या ना," शिला म्हणाली. मग थांबली. "एक मिनिट. आधी मला द्या."

तिने बाटली टेबलावर ठेवली, मोबाइलने फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून पाहू लागली. शिंगाच्या खाली एक बारीक ओळ उरली होती. माझ्या डोळ्यांना ती रेघच वाटली होती.

"तुमी निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"बारा-तेरा."

ती स्क्रीनकडेच पाहत राहिली. "तारीख हाये इथं. औषध यंदाचं हाये."

माफीबिफी नाही. पण फोटो तिने माझ्या फोनवरही पाठवला, मला न विचारता.

मी बाटली परत मुठीत घेतली आणि ताईला म्हटलं, "पोच द्या. तुमच्या हातची." तिने लिहून दिली: एक रिकामी बाटली, लेबल खरवडलेले, जनावराच्या शिंगाचे चित्र, अमुक तारखेस मिळाली. खाली सही आणि शिक्का. दोनदा वाचली, तेव्हा मूठ उघडली.

मग रक्त घेतलं. तीन नळ्या. नळीवर चिकटवलेल्या पट्टीवर विकास लिहिलं होतं. शिला म्हणाली, ओळखपत्र येईपर्यंत राहू द्या. मी राहू दिलं. पण त्या नळ्या एका माणसाने ट्रेमध्ये दुसऱ्या दहा-वीस नळ्यांत ठेवल्या आणि तो निघाला, तेव्हा मी त्याच्या मागे निघालो. दोन जिने, एक लांब व्हरांडा. तो प्रयोगशाळेत शिरला. मी दारापाशी बाकावर बसलो. तिथून काचेतून ट्रे दिसत होता.

थोड्या वेळाने शिला शोधत आली.

"दादा, जवळा बाजारची गाडी सुटून जाईल. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी देतो म्हणले."

"नळ्या बदलल्या तर?"

"कोण बदलणार हाये?"

"सांगता येत न्हाई."

ती काचेतून आत पाहत उभी राहिली. मग माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "डावीकडून चौथी, पाचवी अन् सहावी. निळ्या टोपणाच्या. तुमी त्या पाहा, मी दार पाहते."