बोटीवरचा बर्गर

“काकी, आख्खोच घेवचो लागतलो. मी तुकडे करून इकणय नाय,” अजय म्हणाला.

फोंडाघाटच्या बाजारापासून आत, काजूच्या झाडांखाली त्याने जाळी मारून टर्की पाळल्या होत्या. शर्मिला कुबल सकाळच्या पहिल्या एसटीने आचऱ्याहून कणकवलीला आणि तिथून दुसऱ्या गाडीने इथवर आली होती. हा पक्षी ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. कोंबडीच्या तिप्पट देह, निळसर डोकं, गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी. जाळीतले सगळे पक्षी एकदम ओरडले तशी ती दोन पावलं मागे सरली.

“माका एका माणसापुरता होया.”

“एका माणसाक टर्की? कोण मुंबैकार इलो काय घराक?”

“माझ्या घोवाक होया. दुसरा काय त्येंच्या गळ्याखाली उतरणा नाय.”

अजयचं हसू मावळलं. त्याने जाळीत शिरून सगळ्यांत लहान मादी धरली आणि मागच्या शेडमध्ये नेली. मांस साफ करून आणलं तेव्हा शर्मिला म्हणाली, “छातीचा मांस येगळा बांधून दी. ता मऊ आसता मा?”

“लोक ताच मागतत,” एवढंच तो म्हणाला.

परतीच्या गाडीत पिशवी तिने मांडीवरच ठेवली. शुक्रवार होता. सोमवारी वजन करायचं होतं.

सत्यवान कुबल एकतीस वर्षं बोटीवर होते. गावात कोणी विचारलं तर ते एवढंच सांगत, “बोटीर आसय.” कोणाला ते इंजिनावर असतील असं वाटे, कोणाला डेकवर. ते कूक होते आणि निवृत्त झाले तेव्हा चीफ कूक होते, हे घरच्यांना माहीत होतं, पण घरातही त्याचा कधी विषय निघत नसे. रजेवर आले की दोन महिने ते पडवीत बसत आणि शर्मिला त्यांना सुरमई, तिसऱ्या, आंबोळ्या, जे वर्षभर मिळालं नाही ते सगळं करून वाढत असे. चुलीकडे ते कधी फिरकले नाहीत.

गेल्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. कोल्हापूरला तेहतीस वेळा रेडिएशन झालं. गाठ गेली, पण तोंडातली लाळही गेली. गळा आतून आवळला, आवाज घोगरा होऊन कुजबुजीवर आला. चौसष्ट किलोंचा माणूस बेचाळीसवर आला. शर्मिला पेज द्यायची, मऊ भात द्यायची, बांगड्याचं कालवण गाळून द्यायची. दोन चमचे झाले की ते ताट सरकवत. “लोखंड लागता,” म्हणत. मासा तोंडात घातला की गंजका खिळा चावल्यासारखं होतं, आणि कोंबडी म्हणजे कापूस.

गुरुवारी कणकवलीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. “आज बेचाळीस चारशे आहे. सोमवारी परत या. बेचाळीसच्या खाली दिसलं, तर मी थांबणार नाही. पोटात नळी बसवावी लागेल. तोंडाने जमेल तेवढं खातीलच, पण पोट नळीने भरू.”

सत्यवान काट्यावरून उतरून चपला शोधत होते. तिथूनच म्हणाले, “माका नळी नको.”

रिक्षात बसल्यावर ते पुन्हा बोलले. “एकतीस वर्सा लोकांक तोंडान खावंक घातलंय मी.”  एसटीत खिडकीतून बाहेर बघताबघता एकदम म्हणाले, “टर्कीचो बर्गर होयो.”

शर्मिलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“काय म्हणालात?”

“बोटीर करी होतंय. शनवारी. एका कप्तानाक बैलाचा मांस चला नाय, हार्टचो पेशंट. म्हणान टर्कीचो. मगे सगळेच मागूक लागले.”

एवढं बोलून त्यांना खोकला आला. सहा महिन्यांत त्यांनी एकाही पदार्थाचं नाव घेतलं नव्हतं. म्हणून शुक्रवारी सकाळी ती निघाली.

घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. सत्यवान पडवीतल्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. कसं करायचं ते विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण आजारी माणसाला कशाला बोलायला लावायचं. तिने छातीचं पांढरं मांस मिक्सरमध्ये फिरवलं, मीठ, आलं-लसूण, एक अंडं घातलं. मिरची नाही, कोकम नाही, काही झोंबायला नको. घट्ट मळून चपट्या वड्या केल्या आणि तव्यावर टाकल्या. कच्चं राहिलं तर त्यांना बाधेल या धास्तीने उलथण्याने दाबून दाबून दोन्ही बाजूंनी भाजल्या. तव्यावर पाणी सुटलं, चुरचुरलं आणि आटून गेलं. कुठेही ओल राहिली नाही तेव्हाच तिने गॅस बंद केला.

पावात घालून ताट पुढे ठेवलं. सत्यवान उठून बसले. त्यांनी वरचा पाव उचलला, बोटाने वडी दाबून पाहिली. वडी दबली नाही. त्यांनी मान वर करून शर्मिलाकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, साडीवर अजून प्रवासाची धूळ. त्यांनी पाव पुन्हा वर ठेवला आणि घास घेतला.

चावत राहिले. बराच वेळ. पाण्याचा घोट घेतला, पुन्हा चावले. मग गिळायला गेले आणि थांबले.

पहिल्यांदा त्यांचे डोळे मोठे झाले. हात गळ्याकडे गेला. खोकला यायला हवा होता, पण आवाजच आला नाही. ओठ जांभळे पडू लागले.

“अवो! अवो, खोका!”

शर्मिलाने ताट ढकललं. त्यांना पुढे वाकवून छातीखाली एक हात घातला आणि दुसऱ्या हाताने पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, मारायला सुरुवात केली. कोल्हापूरच्या नर्सने शिकवलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, असं कधी मारावं लागणार नाही. एक, दोन, तीन. हाताखाली नुसती हाडं लागत होती. चौथ्या फटक्याला जोर इतका बसला की ती स्वतःच “आई गे” म्हणाली. पाचव्याला पांढरा गोळा जमिनीवर पडला आणि सत्यवानांनी फाटल्यासारखा श्वास आत ओढला.

ती तिथेच खाली बसली. 

“सुको आसा ता तुमका कळला नाय?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“कळला,” ते म्हणाले.

“मगे खाल्लात कित्या?”

ते खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे वळले.

संध्याकाळी कणकवलीहून मुलीचा, अनुजाचा, फोन आला. शर्मिलाने लपवायचं ठरवलं होतं, पण आवाजावरून अनुजाने ओळखलंच.

“आई, तू त्येंका मारशीत एक दिस! ह्या वयात बर्गर? सोमवारपर्यंत कित्या थांबतंस? उद्याच घेवन ये, नळी घालूया.”

“ते नको म्हणतत.”

“त्येंका काय इचारतंस? तू सांग.”

शर्मिलाने फोन ठेवला. खरं तर अनुजाचंच बरोबर होतं. जमिनीवर पडलेला तो गोळा पुसून काढल्यावरही तिला तिथे दिसत होता.

शनिवारी सत्यवान पेजेच्या वाटीलाही शिवले नाहीत. दिवसभरात दोन पेले पाणी. शर्मिलाने एकदा रागावून पाहिलं, एकदा हात जोडले. दुपारी ती आंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज चालू ठेवून रडली. बाहेर आली तेव्हा त्यांना शर्ट घालताना पाहिलं. हाडांवरून तो नुसता लोंबत होता. अनुजाला फोन करायला तिने मोबाईल उचलला, नंबर काढला, आणि तसाच ठेवून दिला. सोमवार काही लांब नव्हता.

रविवारी सकाळी ती नारळाचा रस काढत होती. पेजेत घालून बघावा, एवढाच विचार. मागे पावलं वाजली. सत्यवान स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीचा आधार घेऊन उभे होते.

“मांडी खंय आसा?”

“कसली मांडी?”

“टर्कीची.”

“फ्रीजात. पण अवो, आता परत ता नको. माझो जीव जातलो.”

“बाजूक हो.”

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या ओट्यासमोर तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी सुरी बघितली, अंगठ्यावर धार तपासली, नाक मुरडलं आणि पाट्याच्या कडेवर दहा-बारा वेळा ओढली. मग मांडीचा तुकडा घेतला आणि हाडाच्या कडेने सुरी फिरवली. हाड सुटं होऊन बाहेर आलं, त्याला मांसाचा कण राहिला नव्हता. त्यांचे हात कापत नव्हते. सकाळी पेला धरताना कापले होते.

“मिक्सर काढतंय,” ती म्हणाली.

“नको. चिकट होता.” त्यांनी मांस, कातडीसकट, सुरीने बारीक चिरायला घेतलं. दर मिनिटाला थांबून ओट्याला टेकत, श्वास घेत. तिने स्टूल सरकवलं, ते बसले नाहीत. “छातीत रस नसता. मांडयेत आसता. कांदो किस.”

तिने कांदा किसला. “पाणी पिळू?”

“येडी काय? ताच होया.”

मग पावाचा मऊ भाग हवा होता आणि तो भिजवायला दूध. दूध अजून आलं नव्हतं. शर्मिलाने नारळाच्या रसाचं भांडं पुढे केलं. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटून थांबले. त्या जिभेला आता काय कळतं ते त्यांनाच ठाऊक.

“चलात,” ते म्हणाले.

रसात भिजलेला पाव, कांदा, लोण्याचा गोळा, मीठ. सगळं त्यांनी बोटांच्या टोकांनी, मोकळा भात कालवावा तसं, हलकेच एकत्र केलं. वड्या केल्या आणि प्रत्येकीच्या मधे अंगठ्याने खळगा पाडला. तव्यावर टाकल्या. सवयीने शर्मिलाचा हात उलथण्याकडे गेला, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

“दाबू नको! रस जाता.”

एकदाच उलटल्या, झाकण ठेवलं, गॅस मंद केला. खालचा आवाज बदलला तसा बंद केला. ती ताट घेऊन पुढे झाली.

“रव,” ते म्हणाले. “पाच मिन्टा.”

“आणि आत कच्चो रवलो तर?”

“रवाचो नाय.”

ती पाच मिनिटं तिने तव्याकडे न बघता त्यांच्या गळ्याकडे बघत काढली.

ते टेबलाशी बसले. वडीचा चमच्याएवढा तुकडा काढला. तो ओला होता, चमच्यात रस साचला. शर्मिला त्यांच्या मागे उभी राहिली, एक हात तयार ठेवून. त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, जशी टेकवायला शिकवली होती, आणि गिळलं. गळ्याची घाटी वर गेली. थांबली. खाली आली.

दुसरा तुकडा. पाण्याचा घोट. तिसरा. एकदा ठसका लागला, तिने हात उचलला, पण त्यांनी बोट वर करून तिला थांबवलं आणि ठसका आपणच निस्तरला. चाळीस मिनिटं लागली. वडी संपली.

मग त्यांनी दुसरी वडी पुन्हा तव्यावर गरम केली, पावात घातली आणि तिच्याकडे सरकवली.

“खा.”

“मी मगे खातंय.”

“गरम आसा तवसर खा गो.”

ती समोर बसली. घास घेतला. मांस मऊ होतं, आत नारळाची गोडी होती, आणि असं काही तिने कधी खाल्लं नव्हतं. तिला एकदम राग आला.

“माका कित्या नाय कधी करून घातलात?”

सत्यवानांनी बोटं पुसली. “तू वर्सभर वाट बघून रांधी होतंस. मी कसो मदी पडतलंय?”

सोमवारी काटा एकेचाळीस नऊशेवर थांबला.

“डॉक्टर, काल ते जेवले,” शर्मिला घाईघाईने म्हणाली. “पूर्ण जेवले. फक्त वेळ लागला.”

“चांगलंच आहे, काकी. पण रोज तीन वेळा असं जेवण जायला हवं. ते जाईपर्यंत शरीर थांबणार नाही.”

सत्यवान काट्यावरच उभे होते. त्यांनी विचारलं, अगदी शुद्ध मराठीत, जशी ते बोटीच्या कंपनीच्या ऑफिसात बोलत, “नळी बसवली तरी तोंडाने खायला परवानगी आहे?”

“आहे. गुरुवारी सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. त्या दिवशी दोघांनीही पुढचं काही ऐकलं नव्हतं.

“मग बसवा,” ते म्हणाले आणि उतरले.

गळा नंतर आणखी आवळला. दोन महिन्यांनी तोंडाने दोन चमचे पाणीही मुश्किलीने जाऊ लागलं. वजन मात्र एकोणपन्नासवर गेलं. एरवी तुकडे न विकणारा अजय दर पंधरा दिवसांनी फोंडाघाटहून येणाऱ्या कोणाकडे तरी मांडीचं मांस पाठवतो आणि त्या रविवारी सत्यवान ओट्यासमोर उभे राहतात.

गेल्या रविवारी त्यांनी असेच बर्गर केले. शर्मिलाला वाढून ते समोर बसले, बनियन वर केलं, पोटाजवळची नळी मोकळी केली आणि तिला दट्ट्या काढलेली मोठी पिचकारी जोडून खांद्याच्या उंचीवर धरली. तिच्यात दुधाचं पातळ मिश्रण ओतलं. ते सावकाश खाली उतरू लागलं. शर्मिलाने घास घेतला. रस मनगटावरून बांगड्यांपर्यंत ओघळला.

“कसो झालो?”

पूर्वी ती काहीही असलं तरी बरो म्हणाली असती. तिने आणखी एकदा चावून पाहिलं.

“मीठ उणा आसा वायच.”

त्यांनी मान हलवली. नळीचा चिमटा लावला, बनियन खाली केलं आणि ओट्यावर कालवून ठेवलेल्या उरलेल्या मांसात मीठ घालायला उठले.