साठ पुरणपोळ्यांची मागणी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. खांबावर बांधतात तो नव्हे. हातात धरून बोलायचा, मागे बटण, पुढे कर्णा आणि पोटात सहा सेल असलेला. माझा जन्म स्पेनचा, उमेदीची वर्षं संपात गेली आणि सध्या मुक्काम जपानमध्ये आहे. त्सुकुबा नावाच्या शास्त्रज्ञांच्या गावात नंदकिशोर आणि सुनीता या पुणेकर जोडप्याच्या फ्रिजवर मी बसलेला असतो. माझ्या डाव्या हाताला लोणच्याची बरणी आणि उजव्या हाताला कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा त्याचं कॅलेंडर. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण शेजारी लोणचं आणि कचरा असले तर दुसरं कोण करणार?

मी १९७७ साली बार्सिलोनाजवळच्या एका कारखान्यात तयार झालो. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं स्पेनमध्ये हुकूमशाही होती. कामगारांनी स्वतःची संघटना काढणं गुन्हा होता. सरकारने चालवलेली एकच संघटना होती आणि तिच्यात मालकही सभासद आणि कामगारही सभासद. उंदीर-मांजराचं एकत्र कुटुंबच म्हणा ना. खरे कामगार नेते चर्चच्या मागच्या खोलीत नाहीतर एखाद्या खानावळीत चोरून भेटायचे. माझ्या जन्माच्या वसंतात संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली आणि विगो बंदरातल्या एका जहाज कारखान्याच्या कामगारांनी वर्गणी काढून मला विकत आणलं.

मला हाताळायचा मान मिळाला रामिरो नावाच्या वेल्डरला. पहिल्या सभेला हजार माणसं जमली होती. मी छाती फुगवून तयार होतो. रामिरोने मला तोंडाशी धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क कुजबुजला. बिचाऱ्याला पंधरा वर्षं चोरून बोलायची सवय. मागून कोणीतरी म्हणालं, "रामिरो, आता पकडत नाहीत. मोठ्याने बोल." लोक हसले, तोही हसला, आणि मग जो सुरू झाला तो एक तास थांबलाच नाही. त्या दिवशी मला माझा आवाज कळला आणि तेव्हापासून थोडी मिजासही चढली.

मित्रांनो, १९८८ च्या डिसेंबरातला एक दिवस मी कधी विसरणार नाही. देशातल्या दोन मोठ्या संघटना एक झाल्या आणि अख्खा स्पेन एक दिवस बंद पडला. कारखाने बंद, दुकानं बंद, टीव्हीचा पडदासुद्धा काळा. विगोत त्या दिवशी मी सकाळपासून गरजत होतो. देश मीच बंद केला असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पुढे जहाजं बांधायचं काम कमी होत गेलं आणि माणसंही कमी झाली. मोर्चे काढणारी संघटना टेबलाशी बसून कागदपत्रं करायला लागली. कामावरून काढलेल्यांना वकील मिळवून द्यायचा, संगणकाचे वर्ग घ्यायचे, मालकांशी पगाराची बोलणी करायची. वर्गणी भरणारे थोडे, पण संघटनेने केलेला करार लागू होई सगळ्यांना, सभासद असो वा नसो. मला याचा फार राग यायचा. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी पुढे पुणेकरांकडून शिकलो, पण ती भावना माझ्यात आधीपासून होती. रामिरो मात्र म्हणायचा, "असू दे, त्यांनाही पोरंबाळं आहेत."

नंतर हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बायका आणि सायकलवरून जेवण पोचवणारी मुलं संघटनेत येऊ लागली. ती एकमेकांना मोबाइलवर निरोप धाडत. त्यांना भोंगा लागत नसे. मी कपाटावर गेलो. वर्षातून एकदा सहलीला मला खाली काढत आणि माझ्यातून जाहीर करत की सार्डिन मासे भाजून झाले आहेत, या. देश बंद करणाऱ्यावर ही वेळ आली.

अशा पडत्या काळात नंदकिशोर विगोला आला. समुद्रातल्या शेवाळावर दोन वर्षं संशोधन करायचं होतं आणि त्याने म्हाताऱ्या रामिरोकडे खोली घेतली होती. निघताना रामिरोने मला त्याच्या हातात दिलं. "जपानला चाललास ना? तिकडे लोक फार काम करतात म्हणे. तुला लागेल." नको म्हणणं नंदकिशोरच्या स्वभावात नाही. त्याने स्वेटरमध्ये गुंडाळून मला बॅगेत कोंबलं आणि असा मी त्सुकुबाला आलो.

इथे नंदकिशोरला एका संशोधन संस्थेत कायमची नोकरी मिळाली आणि मला गणेशोत्सवात हंगामी. दरवर्षी पालिकेच्या हॉलमध्ये दीडेकशे मराठी माणसं जमतात. "चपला ओळीत लावा," "पांढरी गाडी कोणाची, ती हलवा," "आरतीला मुलांना पुढे पाठवा." मुलं पुढे येत, पण उत्तर जपानीत देत. माझा अभिमान किती दुखावला असेल याची तुम्ही कल्पना करा. तरी मी काम चोख केलं.

आता दमयंतीताईंबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे.

दमयंतीताई नंदकिशोरच्याच संस्थेत भातावर संशोधन करतात. भाताच्या एकशे चाळीस जातींचं बियाणं दरवर्षी पेरून, कापून, वाळवून जिवंत ठेवायचं, हे त्यांचं काम. नोकरी कराराची. जपानमध्ये असा कायदा आहे की संशोधकाचा करार वाढत वाढत दहा वर्षांच्या पुढे गेला, तर त्याला कायमची नोकरी मागता येते. दमयंतीताईंची दहा वर्षं पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुरी व्हायची होती. संस्थेने कळवलं की येत्या मार्चअखेर करार संपेल आणि वाढणार नाही. अवघे सहा महिने कमी. त्यांच्यासारखे आणखी चार जण होते.

"मैत्रेयी इथेच जन्मली," त्या सुनीताला म्हणाल्या. आमच्याच स्वयंपाकघरात चहा घेत होत्या, म्हणून मी ऐकलं. मैत्रेयी ही त्यांची मुलगी, तिसरीतली. "व्हिसा माझ्या जॉबवर आहे. परत गेलो तर तिला मराठी शाळेत घालू की इंग्लिश, आणि दोन्हीत ती काय लिहिणार? आणि माझा भात कोण बघणार?"

"दमयंतीताई, युनियन आहे ना तुमच्याकडे?" सुनीताने विचारलं.

युनियन हा शब्द ऐकताच माझे सेल गरम झाले.

युनियन होती. सभासद चौदा. चिटणीस ओकुबो-सान (सान म्हणजे आपलं 'राव'), निवृत्तीला आलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. नंदकिशोर सभासद नव्हता. "मी पर्मनंट आहे, मला काय गरज?" असं तो चार वर्षं म्हणत होता. फ्रिजवरून मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्याला दिसली नाही हे त्याचं नशीब.

ओकुबो-साननी सुचवलं की आधी सह्या गोळा कराव्यात. त्यांनी जपानीत एक सुबक कागद करून दिला. नाव, पत्ता आणि शेवटच्या रकान्यात 'आपले दोन शब्द'. सुनीता म्हणाली, "गणपतीत फिरवू. एका दिवसात शंभर सह्या." कल्पना उत्तम होती. घोळ पुढे झाला.

गणपतीत आणखी एक कागद फिरतो. विसर्जनाच्या महाप्रसादाला कोण काय आणणार त्याचा. त्यातही नाव, पत्ता आणि पदार्थ असे तीनच रकाने. सुनीताने दोन्ही कागद एकाच पॅडला लावले, सह्यांचा वर आणि पदार्थांचा खाली. आमच्या शास्त्रज्ञ मंडळींचं सगळं काम इंग्रजीत चालतं, जपानी लिपी म्हटली की ते नजर वळवतात. आणि नंदकिशोरने मला तोंडाशी धरून घोषणा केली, "कागद फिरतोय. सगळ्यांनी नाव, पत्ता लिहा. काय आणणार तेही लिहा." मित्रांनो, हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मी ते नाकारत नाही.

पॅड परत आलं तेव्हा खालचा कागद कोरा होता. "बघ, कोणाला काही आणायला नको," सुनीता चिडून म्हणाली आणि तिने पदार्थांची यादी व्हॉट्सॅपवर नव्याने सुरू केली. वरचे कागद नंदकिशोरने न बघता पाकिटात घातले. ओकुबो-साननी ते दोन्ही हातांनी, वाकून, संस्थेच्या कर्मचारी विभागाला दिले. देवनागरी त्यांना येत नव्हती. इतके लोक इतकं मनापासून लिहितात हे पाहून त्यांचे डोळे भरून आले होते, असं नंतर कळलं.

जपानी कचेरीत आलेला कागद कोणी टाकून देत नाही. कर्मचारी विभागाच्या हिराता-साननी त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळींचं भाषांतर करवून घेतलं. दोन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. सह्या मिळाल्या, आभारी आहोत. मात्र करारवाढ आणि शैलेंद्र यांच्या साठ पुरणपोळ्या, विभा यांची चार किलो वाटली डाळ, तसेच मोरेश्वर यांच्या 'बघतो, जमलं तर जिलेबी' यांचा परस्परसंबंध विभागाला कळू शकला नाही. कृपया वाटाघाटीच्या बैठकीत खुलासा करावा.

दमयंतीताई ते वाचून खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. "दहा वर्षांत एकदा काहीतरी मागितलं," त्या म्हणाल्या, "आणि मागितलं काय, तर वाटली डाळ. मी मागणीच मागे घेते. आता कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यासमोर?"

"चूक माझी आहे ताई," नंदकिशोर म्हणाला.

"तुझी कशी? तू तर युनियनमध्येही नाहीस."

त्या हे टोचून बोलल्या नव्हत्या. तरी ते लागलं. त्याचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

बैठकीच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत संस्थेच्या फाटकाशी युनियनची वीस मिनिटं सभा होती. त्यासाठी नंदकिशोर मला घेऊन गेला. किती वर्षांनी! ओकुबो-साननी आधी मला नमस्कार केला. मग आवाजाची कळ एकवर ठेवली. माझ्यावर दहापर्यंत आकडे आहेत, रामिरोने नवाच्या खाली कधी आणलं नव्हतं. "आपल्या जेवणाच्या वेळेत व्यत्यय आणत आहोत, याबद्दल अत्यंत दिलगीर आहोत," ओकुबो-सान म्हणाले. वीस मिनिटांपैकी सात दिलगिरीत गेली. शेवटी सर्वांनी मिळून फाटकाजवळची वाळलेली पानं झाडून काढली. मला हसावं की रडावं कळेना. पण ती चौदा माणसं जेवण सोडून आली होती, आणि त्यातल्या नऊ जणांच्या नोकऱ्या कायमच्या होत्या, हेही मी मोजलं.

मग मला पिशवीत घालून बैठकीच्या खोलीत टेबलाखाली ठेवलं. पुढचं मी चेनच्या फटीतून ऐकलं.

हिराता-साननी चष्मा लावला आणि गंभीरपणे वाचलं, "क्रमांक सात. शैलेंद्र-सान. पुरणपोळी. साठ." खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ओकुबो-सान दमयंतीताईंकडे वळले. त्या उठल्या. जपानीतच बोलल्या, सावकाश.

"ही आमची चूक आहे. दोन कागद होते, लोकांनी भलत्याच कागदावर लिहिलं. आमच्या सणाला सगळे मिळून जेवण करतात. कोणी कोणाला किती आणायचं हे सांगत नाही. कागद फिरतो आणि ज्याला जे जमेल ते तो लिहितो. हा कागद माझ्यासाठी होता हे त्या दिवशी त्यांनी वाचलं नाही. आता त्यांना ठाऊक आहे. नाव काढायचं का, असं मी एकेकाला विचारलं. एकानेही काढलं नाही." त्या हिराता-सानकडे वळल्या. "मीही नऊ वर्षं मला जे जमलं ते इथे आणलं. एकशे चाळीस जाती आहेत. एकही मरू दिली नाही. मला मार्चनंतर आणखी सहा महिने काम करू द्या, एवढंच मागते. माझ्यासारखे चार जण आहेत, त्यांनाही."

मला ओरडायचं होतं. देश बंद करावासा वाटला. पण माझं बटण कोणी दाबलं नाही, आणि तेच योग्य होतं. त्या बाईंना माझी गरज नव्हती. मला याचं वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं.

मग हिराता-साननी विचारलं, "पुरणपोळी गोड असते का?"

"गोड असते," दमयंतीताई म्हणाल्या.

त्यांनी ते लिहून घेतलं.

डिसेंबरात निर्णय आला. पाचही जणांचा करार एक वर्षाने वाढला. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात दहा वर्षं ओलांडली की कायमची नोकरी मागायचा रस्ता मोकळा. इतिवृत्ताच्या शेवटी एक ओळ होती: 'पुरणपोळीचा मुद्दा चर्चेअंती निकाली.' ही ओळ वाचून दमयंतीताई प्रथम हसल्या आणि मग आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडल्या. मैत्रेयी जपानीत काहीतरी विचारत राहिली. "घरीच राहायचं आपण," त्यांनी तिला मराठीत सांगितलं, आणि ते तिला नीट समजलं.

मित्रांनो, आता जाता जाता एक विनवणी. मला पुसत जा किंवा माझे सेल बदला, असं मी म्हणणार नाही. म्हातारा झालो, लोणच्याच्या शेजारी बरा आहे. पण फिरता कागद तुमच्या हातात आला, तर आधी तो वाचा. आणि त्यावरचं दुःख तुमचं नाही, तुमची नोकरी कायमची आहे, असं वाचल्यावर दिसलं, तरी पेन खाली ठेवू नका. निर्णय आला त्याच रात्री नंदकिशोरने युनियनचा अर्ज भरला. या खेपेला त्याने प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मगच सही केली.